बैलाला का क्लासला

मी पोरांना मारायचे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी माझ्याकडून भलत्या अपेक्षा ठेवायला नको. आठवी ते दहावीचं गणित शिकवायचे आणि मारायचे, आणि दोन्हीसाठी घोडेगावात माझं नाव होतं. घरामागं पत्र्याचं शेड होतं, त्यात पूर्वी कांदा भरायचे. खाली सतरंज्या, समोर फळा, आणि डाव्या भिंतीला ओळीनं खिळे. त्या खिळ्यांना काठ्या टांगलेल्या असायच्या.

काठी आणायची रीत मी काढली नाही. गावात शुक्रवारी जनावरांचा बाजार भरतो. पहिल्या वर्षी एक पालक बाजारातून तसेच पोराचा प्रवेश घ्यायला आले आणि हातातली काठी माझ्या टेबलावर ठेवून गेले. "राहू द्या मॅडम, लागंल," एवढंच म्हणाले. पुढच्या शुक्रवारी दोघांनी आणली. जूनअखेर काठीशिवाय प्रवेशच होत नाही असं लोकांनी धरून टाकलं, आणि मीही कधी नाही म्हटलं नाही. बाजाराच्या दारात लिंबाखाली एक म्हातारबा कासरे, वेसणी, घुंगरं विकायला बसायचे, काठ्याही ठेवायचे. बारीक काठी कुणी उचलली की विचारायचे, "बैलाला का क्लासला?" क्लासला म्हटलं की गाठी तासून, गुळगुळीत करून द्यायचे.

काठी आली की मी तिच्यावर मार्करनं पोराचं नाव लिहायचे. ज्याची काठी त्यालाच लागणार, दुसऱ्याला नाही. केवढी न्यायी होते मी. आज लिहिताना सुद्धा माझी मला चीड येते.

मला राग पटकन येतो, पहिल्यापासून. माझे वडील श्रीगोंद्याकडं साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. घरी आले की चपला काढायच्या आधी मला पाढे विचारायचे आणि चुकलं की लाकडी पट्टीची कड बोटांच्या पेरांवर मारायचे. एकोणतीसच्या पाढ्याला माझं रक्त निघालंय. पण मी शाळेत पहिली यायचे, बीएस्सी झाले, आणि हे पट्टीमुळंच झालं असं घरात सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे. त्यात खोटं काय आहे असा प्रश्न मला कधी पडला नाही.

तर ही पोरगी. नववीची परीक्षा संपली आणि तिचा बाप तिला घेऊन आला. बाप म्हशींचा व्यापारी, आडवा माणूस, बाजारातून थेट आलेला, धोतराला शेण लागलेलं. त्यानं टेबलावर काठी ठेवली तेव्हा टेबल वाजलं. ती बैलाचीच होती. मनगटाएवढी जाड, गाठी तशाच्या तशा, टोकाला लोखंडी कडं.

"दादा, ही क्लासची नाही," मी म्हणाले.

"पोरगी बी दांडगी हाय," तो म्हणाला आणि हसला. मग मीही हसले. पोरगी खाली बघत उभी होती.

"मॅडम, आपलं एकच सांगनं हाय," तो पुढं म्हणाला. "दहावी पास झाली तर पुढं शिकवू. मंग नर्स होऊ दे न्हाईतर काय बी होऊ दे. नापास झाली तर एक जागा बघून ठिवलीय, देऊन टाकू. मी दोनदा बोलत नसतो."

नर्स व्हायचं हे तिच्या डोक्यात होतं. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा आठ दिवस ती नगरच्या दवाखान्यात आईजवळ होती, तिथं तिनं नर्स बघितल्या होत्या. बाकीचे विषय तिला यायचे. मराठी तर छानच होतं. गणितात मात्र पार आडवी व्हायची. म्हणजे तिचं पुढचं शिक्षण नाहीतर लग्न, जे काही व्हायचं ते माझ्या विषयावर येऊन थांबलं होतं, आणि हे तिला, मला, तिच्या बापाला, सगळ्यांना माहीत होतं.

ती बापाची काठी मी कधी वापरली नाही. कुत्री हाकलायला दाराआड ठेवून दिली. पोरीसाठी आदल्या वर्षी पास होऊन गेलेल्या एकाची बारीक काठी घेतली, त्याचं नाव खोडून तिचं लिहिलं. आणि ती काठी मी वापरली, खूप वापरली. ती मला आवडायची म्हणून जास्तच. पहाटे उठून दोन म्हशींच्या धारा काढून, शाळा करून पाच वाजता ती माझ्यासमोर बसायची, कधी दांडी नाही. अशा पोरीचं गणित चुकलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची. हिला कळत कसं नाही, हिच्या मागं काय लागलंय ते? चिन्ह चुकलं, एक. कंस विसरली, दोन. ती हात पुढं करायची, तळवा वर, डोळे मिटून. कधी रडली नाही. न रडणाऱ्या पोराला मारणाऱ्याचा हात आणखी जड पडतो, हे मला माझ्याच हातावरून कळलंय.

जानेवारीत शाळेची पूर्वपरीक्षा झाली. बीजगणितात चाळीसपैकी नऊ, भूमितीत सहा. शाळेच्या हातातले सोळा धरले तरी एकतीस. पासाला चार कमी.

फेब्रुवारीतला शनिवार होता, बोर्डाची परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली. क्लास चालू असताना बाप चपलांसकट शेडमध्ये शिरला. शाळेतून गुण विचारून आला होता. कुणाला काही कळायच्या आत त्यानं तिला दंडाला धरून उभं केलं आणि कानाखाली मारली. तिचं डोकं पत्र्यावर आपटलं, सगळा पत्रा थडथडला. तिच्या कानातलं उडून फळ्याखाली पडलं. त्यानं तिच्या दप्तराला लाथ घातली, वह्या सतरंजीभर झाल्या. वीस पोरं होती, एकानं मान वर केली नाही.

"पावनं उद्या येनार हायेत मॅडम," तो मला म्हणाला. आवाज अगदी साधा होता, दुधाचा भाव सांगावा तसा.

"अजून बोर्डाची परीक्षा आहे दादा."

"नापास व्हायला बसायचं व्हय?"

"तिला अठरा पूर्ण नाहीत."

"मी कुठं लगीन लावतोय? बोलून ठिवायला काय जातंय?"

मी काय करायला हवं होतं? त्याच्या अंगावर धावून जायला हवं होतं. माझ्या शेडमध्ये, माझ्या पोरीवर हात टाकला म्हणून हाताला धरून बाहेर काढायला हवं होतं. मी काय केलं? मी म्हणाले, "दादा, शांत व्हा. चहा टाकते." आणि खरंच टाकला. ओट्यावर बसून त्यानं बशीतून चहा प्यायला. जाताना म्हणाला, "तुमी कमी मारता मॅडम, त्याच्यानं झालं हे. काठी दिल्ती की तुमाला."

तो गेला. राग बापावर होता, आणि त्याला चहा पाजला म्हणून स्वतःवर त्याहून जास्त होता. शेडमध्ये आले तर पोरीनं वह्या गोळा केल्या होत्या, एक गाल लाल, आणि ती वर्गसमीकरण सोडवत होती. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तिनं उत्तर खोडलं. परत लिहिलं. चुकीचं लिहिलं.

तिची बारीक काठी खिळ्याला होती, पण खिळा लांब होता आणि दार जवळ. मी दाराआडून बापाची काठी घेतली.

पहिला फटका तळव्यावर बसला. दुसराही. तिसऱ्याला ती घाबरली. माझ्यासमोर पहिल्यांदाच घाबरलेली दिसली, हात मागं घेताना वळला, आणि ते लोखंडी कडं हाताच्या पाठीवर उतरलं. सुकी काटकी मोडल्यावर होतो तेवढा आवाज झाला, फार मोठा नाही. उजवा हात होता, लिहायचा.

"मॅडम, बोट," ती म्हणाली. एवढंच.

तिला स्कूटीवर मागं बसवून मी नगरला नेलं. हायवेला ट्रकांची रांग होती, ती डाव्या हातानं माझा खांदा धरून बसली होती, आणि डॉक्टरला काय सांगायचं ते मी मनात जुळवत होते. जुळवलं काय तर खोटंच. डॉक्टरनं विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "म्हशीनं लाथ मारली."

डॉक्टरनं तिचा दुसरा हात पालथा केला, सरळ केला, तळव्यावरचे जुने वळ बघितले. मग माझ्याकडं बघत म्हणाला, "म्हैस दोन्ही हातांवर नाचली वाटतं." मधल्या बोटाचं हाड आणि त्यामागचं तळव्यातलं हाड, अशी दोन हाडं मोडली होती. कोपरापर्यंत प्लॅस्टर, सहा आठवडे. बोट थोडं वाकडं राहील म्हणाला.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. बापाला सांगितलं, माझ्या हातून मोडलं. मला वाटलं होतं तो शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मारलं ते झ्याक केलं. तिनं हात कशाला वळवावा?" मग जरा विचार करून म्हणाला, "आता लिव्हता तर येनार न्हाई. मंग परीक्षेचा प्रश्नच मिटला. उद्याचं पावनं येऊ द्या."

ती दारात उभी होती, गळ्यात हात अडकवलेला. तिनं माझ्याकडं बघितलं. बापाला हवं होतं ते निमित्त मीच त्याच्या हातात दिलं होतं, आणि ती तक्रार सुद्धा करत नव्हती. माझं डोकं फिरलं, पण या वेळी निदान योग्य माणसावर फिरलं.

"ती परीक्षेला बसणार," मी म्हणाले. "हात मोडलेल्याला लेखनिक मिळतो. ही सांगेल, दुसरी लिहील. निकाल लागेपर्यंत पाहुण्यांना या दारात उभं करायचं नाही. केलंत तर मी चौकीत जाते आणि सांगते, काठी यांची, हात माझा, दोघांनाही आत घ्या. मला घेऊन बुडायची तयारी आहे माझी, तुमची आहे का बघा."

बाईमाणूस असं बोलेल असं त्याला वाटलं नसावं. मलाही नव्हतं वाटलं. शेवटी तो "बरं" म्हणाला आणि म्हशीकडं गेला.

लेखनिक खालच्या वर्गातला लागतो. मुख्याध्यापकांच्या सहीनं बोर्डाकडं अर्ज केला आणि माझ्याच क्लासमधली नववीची एक मुलगी तयार केली. रोज सकाळी दोघींना समोरासमोर बसवायचे. मोठी बोलायची, छोटी लिहायची. पहिल्या दिवशी मी कपाळाला हात लावूनच बसले होते. जिला लिहून येत नाही ती सांगणार काय, कपाळ? ती सांगायला लागली, एक्स वर्ग, वजा सात एक्स, अधिक बारा. छोटीनं पुढच्या ओळीत चिन्ह चुकवलं. लगेच ही म्हणाली, "थांब गं, वजा आहे ना ते." छोटीनं सुधारलं. उदाहरण शेवटपर्यंत गेलं. उत्तर बरोबर आलं. दुसरं दिलं, तेही आलं. तिसऱ्याला अडली, मोठ्यानं बोलत बोलत मागं गेली आणि चूक स्वतःच शोधून काढली.

चौथ्या दिवशी मला राहवेना. "बये, हे सगळं येतंय तर लिहिताना काय धाड भरायची तुला?"

ती म्हणाली, "लिहिताना तुमचे पाय दिसायचे."

मी रांगांमधून फिरायचे. पोरांच्या माना वहीत, त्यांना माझे फक्त पाय दिसायचे. "पाय थांबले की वाटायचं, चुकलं," ती म्हणाली. "काय चुकलं ते कळायचं नाही. मग असेल ते खोडायचं आणि दुसरं काहीतरी लिहायचं."

त्या दुपारी मी तिच्या जुन्या वह्या घेऊन बसले. खोडलेलं प्रत्येक उत्तर उजेडात धरून वाचलं. निम्म्याच्या वर खोडलेली उत्तरं बरोबर होती. वर्षभर ती बरोबर उत्तर लिहीत होती, माझे पाय बघून खोडत होती, आणि खोडलं म्हणून मी तिला मारत होते. वह्या मिटल्या आणि मी रडले. मारताना कधी रडले नव्हते, मग आता रडून काय उपयोग होता.

तिला गणितात बावन्न मिळाले. पाहुणे आले नाहीत. बाप शब्दाचा पक्का निघाला, तिला अकरावीला नगरला घातली. पण पेढे वाटताना त्यानं अख्ख्या बाजारात काय सांगावं? "मॅडमनं बोट मोडलं तवा पोरगी ताळ्यावर आली." मी ज्याला त्याला सांगत सुटले, असं नाही, ती बोलून शिकली म्हणून पास झाली. लोक मान हलवायचे. जूनमध्ये प्रवेशाला रांग लागली, आणि त्या वर्षी आलेल्या काठ्या जाड होत्या. लिंबाखालच्या म्हातारबांना लोक सांगायचे म्हणे, क्लासलाच पाहिजे, पण बैलाची द्या.

मी त्या सगळ्या काठ्या बंबात घातल्या. महिनाभर अंघोळीचं पाणी त्यांच्यावर तापलं. बापाची काठी सगळ्यात शेवटी घातली, कडं राखेत राहिलं. पोरांना जोड्यांनी बसवलं, एक बोलणार, एक लिहिणार. मी फळ्याजवळ खुर्ची टाकून बसते, रांगांमधून फिरत नाही. दोन महिन्यांत निम्मा क्लास गळाला. मॅडम आता मारत न्हाईत, असं म्हणून लोकांनी पोरं हायवेवरच्या एका सरांकडं घातली. त्या सरांचा हात जड आहे अशी कीर्ती आहे. माझा राग गेलेला नाही. तोंड सुटतं, खडू फेकून मारते, एकदा वही फाडली. हात मात्र आवरते, आणि ते रोज ठरवून करावं लागतं.

मागच्या जूनमध्ये, बाजाराच्या दिवशी, ती आली. आता नर्सिंगला आहे, नगरलाच. अंगानं भरलेली, केस चापून बांधलेले, बोलायला मोकळी झालेली. बरोबर धाकटी बहीण, आठवीतली. माझ्या पाया पडली. मी तिचा उजवा हात हातात घेऊन बोट बघितलं. मधलं बोट शेजारच्याकडं झुकलेलं आहे. इंजेक्शन भरताना थोडं नडतं म्हणाली, बाकी काही नाही.

मला तिची माफी मागायची होती. इतकी वर्षं मागायची होती. "तुझं बोट," मी सुरुवात केली.

"असू द्या ओ मॅडम," ती हसत म्हणाली. "तुम्ही मारलं म्हणून तर मी आज उभी आहे. न्हाईतर कुठं तरी शेण काढत बसले असते." आणि पिशवीतून तिनं काठी काढली. नवी, गाठी तासलेली, गुळगुळीत. "हिच्यासाठी आणलीय. बारीक बघून घेतली, मोडायचं काही कारण नाही. हिला पण तसंच सरळ करा."

धाकटी काठीकडं बघत होती.

मला संताप आला. असा की कानशिलं तापली. तिच्या बापाचा आला, माझ्या वडिलांचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा, कारण हे तिला मीच शिकवलं होतं आणि गणितापेक्षा पक्कं शिकवलं होतं. मी तिच्या हातातून काठी ओढून घेतली. मोडायची होती मला ती, दुसरं काही नाही. गुडघ्यावर मोडायला म्हणून वर उचलली.

ती अजून हसतच होती, काहीतरी बोलतही होती. पण तिचा उजवा हात झटकन पाठीमागं गेला होता. तिला ते कळलंही नव्हतं. धाकटीनं ताईकडं बघितलं आणि तिच्यासारखाच आपलाही हात मागं घेतला.